वीतभर वाघीण

हे प्रकरण लिहायचंच नव्हतं. दोनदा गाळलं, दोनदा परत घातलं. थोरातांच्या घरातली भांडणं सांगितली की वाचणारा मान डोलावतो, आमच्यातबी हेच म्हणतो. हे सांगितलं तर म्हणेल, गड्यानं मनानं जुळवलंय. पण मधल्या घराच्या दारात तो वरवंटा अजून आडवा पडलेला असतो. घरात नवीन सून आली की पहिल्या दिवशी त्याला ठेचकाळते आणि विचारते, हा इथं कशाला? तर एकदा नीट सांगून टाकलेलं बरं.

सेहेचाळीस सालचा माघ. मंगळवार. खडकाई देवीच्या टेकडीवर थोरातांचं अख्खं घर चढत होतं. पुढं राहीबाई, डोक्यावर पुरणपोळ्यांची दुरडी. तिच्यामागं मलकापुरास्नं मुद्दाम आलेली तिची नणंद हरणाबाई, तोंडाचा पट्टा चालू. मग राहीबाईचा मालक लालासाहेब, नेहमीसारखा गप. आणि सगळ्यात मागं त्यांचा लेक केरबा. दिवाळीला लष्करातनं सुटून आलेला, पण आल्यापासनं कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.

ह्या सगळ्यांच्या मध्ये जोतीराम. लालासाहेबाचा धाकटा भाऊ, मिरजेच्या मालधक्क्यावर नोकरीला. छातीशी तांबड्या कापडातलं एक गाठोडं धरून तो खडा बघून पाय टाकत होता.

"लवकर चल की रं," बरोबरचा श्रेणिक म्हणाला. "बाळंतीणबी आसं न्हाई धरत बाळाला."

"खाली स्प्रिंगा हायत. हबका बसला तर सांधं निखळत्याल."

"निखळू दे. तशीबी ती माझीच हुती. देवीनं पळवली."

श्रेणिक सांगलीच्या एका जैन हळद-व्यापाऱ्याचा पोरगा. त्यांची पोती मिरजेला जोतीरामच्या हातनं डब्यात चढायची, तिथनं ही दोस्ती. जोतीराम फावल्या वेळात रेल्वेचे मालाचे डबे करायचा. खरे नव्हे, छोटे. फुटाला अर्धा इंच ह्या हिशोबानं, सगळं मापात. तेही जुन्या घडणीचे, लाकडी फळ्यांचे. नवीन लोखंडी डबे येत होते आणि जुने एकेक करून मोडीत चालले होते. मोडायला नेण्याआधी जोतीराम दोरी आणि फूटपट्टी घेऊन त्यांच्या पोटाखाली शिरायचा. कुणी शिकवलं नव्हतं. फळ्यांच्या रेघा पितळेवर पोलादी सुईनं ओढायच्या आणि रिबिटाचे, म्हणजे खिळ्यांच्या गोल डोक्यांचे, ठोके मागनं ग्रामोफोनच्या पिनेनं उठवायचे, हे त्याचं त्यानंच काढलेलं. गाठोड्यातला डबा त्यानं श्रेणिकसाठीच करायला घेतला होता, आणि त्याचं पितळ श्रेणिकच्या आईनं, राजमतीबाईनं दिलं होतं. चिरलेली घागर. मोडीत देण्यापरास तुझ्या गाडीला घाल म्हणाली.

आता इथं एक शब्द आडवा येतो. मिरजेच्या धक्क्यावर मालाच्या डब्याला कुणी डबा म्हणत नाही. हमालापासनं साहेबापर्यंत सगळे म्हणतात वाघीण. हळदीची वाघीण लागली, सरकीची वाघीण सुटली. बारा वर्षं ह्या वाघिणींत काढल्यावर जोतीरामला दुसरी वाघीण असते ह्याचाच विसर पडला होता. घरी मात्र हा शब्द नव्हता. घरी म्हणायचे, "जोत्या डबं करतुया."

दिवाळीनंतर लालासाहेब गुळाच्या गाड्या घेऊन मिरजेला आला होता. धाकट्या भावाला बाजूला घेऊन, टोपी काढून, परत घालून म्हणाला, "देवीला वाघीण वाहायची हाय. तुज्या वैनीनं केरबापायी नवस बोललाय. पितळी पायजे. वीतभर. जमंल का?"

जोतीराम बघतच राहिला. हातातला डबा बरोबर वीतभर होता. पितळीच होता. आणि केरबाला लढाईतनं रेल्वेनंच तर परत आणलं होतं.

"दादा, वैनीला हे सुचलं कसं?"

"आईला सुचतंय," लालासाहेब म्हणाला, आणि डोळ्यात कचरा गेल्यासारखं करून गाड्यांकडं वळला.

टेकडी चढणाऱ्या राहीबाईच्या डोळ्यापुढं मात्र निराळीच वाघीण होती. केरबा जखमी झाल्याची तार आली त्या दिवशी ती एकटीच इथं आली होती. देवळात कुणी नव्हतं. देवीच्या पायावर डोकं घालून म्हणाली होती, "आई, वाघीण कसं पिल्लू तोंडात धरून आणती, दात लागू देत न्हाई, तसं माझं प्वार आणून दे. मी तुला वाघीण वाहीन. पिल्लू धरलेली." पोरगं आलं. पण आलं ते निम्मंच. घरात निजायचं नाही. माघाच्या थंडीत अंगणात, लिंबाखाली, घोंगडं पांघरून. कुणी दार लावायला गेलं की ताडकन उठायचं. बोलायचं नाही. राहीबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं. नवस फिटला नाही, म्हणून देवीनं निम्मं धरून ठेवलंय. आज फिटला की सोडेल. नाही फिटला तर उरलेलंही ओढून घेईल.

देवळात नानासो गुरवानं पूजा मांडली. घंटा वाजली. हरणाबाई म्हणाली, "सोड गा ते कापड, जोत्या. बघू तरी तुजी कारागिरी."

जोतीरामनं गाठ सोडली.

दारातनं उन्हाचा पट्टा आत आला होता, नेमका तिच्यावर. पितळ सोन्यासारखं पेटलं. चार चाकं, चाकावर एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टोकाला आकडे, अंगावर फळ्यांच्या रेघा, तिळाएवढे रिबिटाचे ठोके ओळीत. वर बाक आलेला टप. एका अंगाला सरकतं दार, त्याला कोयंडा, आणि कोयंड्यात खिळी. खरंच वाटत होतं की बोटाएवढा हमाल आता खांद्यावर पोतं घेऊन येईल.

सगळे माना पुढं करून बघायला लागले. जोतीरामला वाटलं, दिपले.

"झ्याक हाय," हरणाबाई शेवटी म्हणाली. "पर वाघीण कुटं हाय?"

"ही काय आक्का."

"ही? ह्यो डबा हाय न्हवं का!"

"डबाच की. वाघीण."

"आरं, शेपूट कुटं हाय हिचं?"

"शेपूट?"

"तोंड? मिशा? पट्टं? आरं जोत्या, खुळ्या, वाघीण म्हंजे वाघीण! वाघाची बायकू!"

जोतीरामला एकदम सगळं कळलं आणि कळलं त्याच दमाला असं वाटलं की टेकडी पोटात घेईल तर बरं.

नानासो गुरव वाकून बघत होता. "कामाला नाव ठेवायला जागा न्हाई," तो म्हणाला. "पर आईनं हिच्यावर बसायचं कसं? टपावर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. राहीबाईनं तिकडं बघितलं आणि हसणं जागच्या जागी मेलं. मग ती नवऱ्याकडं वळली.

"तुमी काय सांगितलं जोतीभावजींला?"

"वाघीण."

"आन पिल्लाचं?"

लालासाहेबानं टोपी काढली, परत घातली.

"पिल्लाचं सांगितलं न्हाईसा?"

"बोलवंना मला," तो म्हणाला. "सुरू केलं आन गळा धरला. वाघीण एवढंच भाईर पडलं."

"एवढा बापय गडी, आन एक शब्द पुरता न्हेता आला न्हाई!"

आत्तापर्यंत जोत्याला धोपटणारी हरणाबाई लगेच फिरली. "ए राही, माझ्या भावाला देवळात बोलायचं काम न्हाई हां. तुला एवढी काळजी हुती तर आपण जायाचं हुतं मिरजंला."

"मी चुलीपासनं उठून मिरजंला जाऊ?"

"मग गप बस."

"आत्या," श्रेणिक हळूच म्हणाला, "खरं बघितलं तर शब्द तोच हाय की. वाघीण बोलल्या, वाघीण आली."

"तू गप रं. तुमच्यात नवस तरी आसतोय का?"

"आमच्यात बी आया आसत्यात," श्रेणिक म्हणाला.

सगळे गुरवाकडं बघायला लागले. नानासोनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"मी काय सांगू? आईपुढं बोललेलं काय हुतं, पिल्लू धरलेली वाघीण. हे ते न्हाई. ह्या साली निवद दाखवा, पुढच्या माघात खरी घडवून आणा. आई समजून घील."

"पुढच्या माघापातूर?" राहीबाई म्हणाली. "तवर ह्यो ऱ्हाईल व्हय माझ्याजवळ?"

आवाज चढवला नाही तिनं. म्हणून जास्त लागलं. तिनं दुरडी खाली ठेवली आणि खांबाला टेकून खाली बसली. जोतीरामला तिच्याकडं बघवेना. तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. आई गेली तेव्हा हा रांगत होता. तो कापड गोळा करायला वाकला.

"थांबा, काका."

सगळ्यांनी मागं बघितलं. केरबा उंबऱ्याच्या आत आला होता. देवळातबी तो आत येत नसे. दारातनंच हात जोडायचा.

तो येऊन पितळी डब्यापुढं गुडघ्यावर बसला. हात लावला नाही. नुसता बघत राहिला. मग त्यानं एका बोटानं खिळी उचलली, कोयंडा बाजूला केला आणि दार ढकललं. ते घसरत गेलं. बारीक, दाताखाली खडा आल्यासारखा आवाज झाला.

मग केरबा देवळाच्या फरशीवर आडवा झाला, कुशीवर, आणि त्यानं डोळा त्या दाराला लावला.

"आत कडी हाय," तो म्हणाला.

आत, मागच्या भिंतीला, जोतीरामनं कडी बसवली होती. जनावरं बांधायला असते तशी. श्रेणिक म्हणाला होता, आरं आत कोण बघणाराय? आठवडाभर तेवढ्या कडीत गेला होता.

"हाय," जोतीराम म्हणाला. "तुला म्हाईत हाय व्हय ती?"

"तितं माझा हात बांधला हुता." केरबा आडवाच होता. भिंतीशी बोलल्यासारखा बोलत होता, तुटक तुटक. "डोंगरातनं लॉरीनं खाली आणलं. दवाखान्याची गाडी भरली हुती. मग आमाला वाघिणीत घातलं. गवत टाकून. गाडी हबकं द्यायची. पडू नये म्हून हात कडीला बांधला. पट्टीनं."

राहीबाई उठून कधी त्याच्याजवळ आली ते कुणी बघितलं नाही.

"कडी बारीक हुती खरं तर," केरबा म्हणाला. "पट्टी गुंडाळल्याव अशी जाड दिसायची. ह्या हितं हाय तशी."

जोतीराम मटकन खाली बसला. श्रेणिकनं त्याचा दंड धरला.

"आन रं?" राहीबाई म्हणाली. "आन काय हुतं, बाळा?"

"शेजारी बिरू हुता. जतचा. निम्मं कानडीत बोलायचा. त्याला दार लावलेलं सोसायचं न्हाई. उजेड दिसू दे म्हणायचा. मी म्हनलं, मी हाय तवर दार लावू देत न्हाई. हात सोडवून घेतला आन पाय घालून बसलो दारात. कुठल्या तरी टेसनात त्याला उतरवला. कापड टाकून." तो थांबला. "मग मला परत बांधून लावलं त्यांनी दार. मी वरडलो. कुणाला ऐकू गेलं न्हाई."

वाऱ्यानं घंटेची दोरी हलत होती. नानासो गुरवानं ती हातानं धरून ठेवली.

राहीबाईनं लेकाचं मनगट हातात घेतलं. उलटंपालटं करून बघितलं. पट्टीचा वण होता, पुसट, कडं घातल्यासारखा. तिनं त्यावरनं अंगठा फिरवला. मग पितळी वाघिणीकडं बघितलं, तिच्या उघड्या दाराकडं, आतल्या अंधारातल्या त्या कडीकडं.

"धरलं हुतं गं बयाबाई," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, देवीला का वाघिणीला, ते आजपर्यंत कुणी ठरवलेलं नाही. "हितं धरलं हुतं. आन दात लागू दिला न्हाई."

लालासाहेब भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. हरणाबाई गेली आणि आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, तो पाच वर्षांचा असल्यागत. मग मागं वळून राहीबाईला म्हणाली, "बघत काय बसलीयास? उचल दुरडी. निवद दाखव."

नानासोनं दोन्ही हातांनी वाघीण उचलली. मूर्ती उचलावी तशी. देवीच्या डाव्या बाजूला ठेवताना तो घुटमळला.

"तोंड कुणीकडं करू हिचं?"

मघाशी ह्याच प्रश्नावर सगळे हसले असते.

"दार उजेडाकडं," केरबा म्हणाला. "आन लावू नगा."

गुरवानं वाघीण फिरवली. दार उन्हाकडं आलं, बोटभर उघडं. ऊन आत शिरलं आणि कडी चमकली. नानासोनं आधी तिला कुंकू लावलं, टपावर, मधोमध. मग देवीला. उलटं झालं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

खाली घरी जेवणं झाली. पंगतीत केरबा श्रेणिकशेजारी बसला आणि त्यानं पोळी मागून घेतली. राहीबाईनं वाढली आणि वरनं तूप सोडलं. दुपार कलली तसा केरबा उठला, मधल्या घरात गेला आणि भिंतीकडेला पडला. भर दुपारी, छपराखाली. घटकाभरात घोरायला लागला.

वारा होता. दार हळूहळू मिटायला लागलं. हरणाबाई धावली, पण राहीबाई तिच्या आधी पोचली. काय सापडेना तेव्हा पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला, वाटण लागलेला तसाच, आणि दाराच्या फटीत आडवा ठेवला. दार त्यावर टेकलं आणि थांबलं, वीतभर उघडं. दोघी नणंदा-भावजया उंबऱ्याच्या दोन अंगांना बसून राहिल्या. चटणी कशानं वाटायची हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. नंतर दुसरा वरवंटा आणला.

दिवस मावळायच्या आत जोतीराम आणि श्रेणिक ताकारीच्या टेसनात आले. फलाटावर फारसं कुणी नव्हतं. मिरजेची गाडी यायची होती. आधी मालगाडी आली, न थांबता, कऱ्हाडाकडं चाललेली. एक वाघीण, दुसरी वाघीण, तिसरी. रोज बघायचा जोतीराम. माप घेत बघायचा. आज त्याच्या हातनं टोपी आपोआप निघाली. प्रत्येक डब्यात मागच्या भिंतीला कडी असणार आणि तिला कुणाकुणाचे हात बांधलेले असणार, असं मनात आलं आणि त्याला त्यांचा धाक वाटला. गाडीचा शेवट लांब वळणावर दिसेनासा झाला.

"जोत्या," शेवटी श्रेणिक म्हणाला, "देवळात मटकन बसलास का रं?"

जोतीरामनं टोपी घातली.

"गेल्या उन्हाळ्यात एक जुनी वाघीण आली हुती यार्डात. लढाईच्या कामास्नं परतलेली. मी तिचीच मापं घेतली. आत शिरलो तर कडीला चिंधी बांधलेली. मळून काळी झालेली, गच्च. सोडावी आन कडीचं माप घ्यावं म्हनलं, पर हात लावावासा वाटंना. मग चिंधीवरनंच माप घेतलं. तार जाड वापरली. मनात म्हनलं, कुणाला कळतंय."

श्रेणिक एक पाऊल जवळ सरकला.

"म्हंजे केरबाची वाघीण हीच ती?"

"आशा शेकड्यानं गेल्या हुत्या, श्रेणिक. आन कडीला हात बांधलेली माणसं हजारानं आसत्याल."

"पर हीच आसंल तर?"

"मला इचारू नगं. दुपारपासनं तेवढंच इचारतोय मी मला."

लांब सिग्नलचा हात खाली पडला. रूळ गुणगुणायला लागले.

"केरबाला सांगितलंस?"

"न्हाई. त्याला कुठं शंका हाय? त्यानं तर वळखलीया. शंका मलाच."

"आता कुठं आसती ती?"

"गेली. हळद भरून गेली. तुमचीच आसंल हळद. दार मीच लावलं, खिळी मीच घातली."

श्रेणिकनं उपरण्यानं तोंड पुसलं. गाडीचा धूर दिसायला लागला होता.

"मला दुसरी वाघीण नगं, जोत्या," तो म्हणाला. "देवीनं न्हेली ती न्हेली. पर ती मोडीत जायच्या आधी कवा मिरजंत परत आली, तर मला एकदा आत नेऊन ती कडी दाखव. मला हात लावून बघायचीया."

"आली की निरोप धाडीन."

"आन मी सांगलीस्नं येस्तवर? साहेब म्हणंल, माल भरलाय, दार लावा, गाडी सुटायची हाय."

"म्हणू दे," जोतीराम म्हणाला. गाडी फलाटात शिरत होती आणि त्याला आवाज चढवावा लागला. "म्हणू दे साहेबाला काय म्हणायचं ते. मी दारात पाय घालून बसतो. शब्द दिला, गड्या. तू येस्तवर दार उघडं."